नाताळ, पैसे आणि घरचे प्रश्न : इथल्या सरकारी सूचनांचा तुम्हाला कधी उपयोग झाला का?

सातूचंपीठ | ८ डिसेंबर २०२५

धागा मुख्यतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे, पण बाकीच्यांनीही बिनधास्त लिहा.

डिसेंबर लागला की इथलं सरकार अचानक घरगुती गप्पा मारायला लागतं. भत्ते कोणत्या तारखेला जमा होणार, पगार लवकर झाला तर काय, वेगळे राहणाऱ्या आईबापांनी मुलाची सुट्टी कशी वाटून घ्यायची, नातवाला किती पैसे दिले तर कर लागत नाही. सरकारी संकेतस्थळावर सगळं लिहिलेलं आहे. मी दोन संध्याकाळी वाचत बसले आणि उठताना डोकं जास्तच गरगरत होतं, कारण जिथे तिथे शेवटी "हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे".

आता परिस्थिती सांगते. माझी मामेबहीण लेस्टरला असते. एका केअर होमच्या स्वयंपाकघरात काम करते. पगार बेताचा, म्हणून वर युनिव्हर्सल क्रेडिट (पगार पाहून दरमहा कमी-जास्त होणारी सरकारी मदत) मिळतं. तिला आयएलआर (इथे कायमचं राहण्याचा परवाना) आहे, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. नवऱ्यापासून वेगळी राहते, घटस्फोट अजून झालेला नाही, कोर्टाचा कुठलाच आदेश नाही. मुलगा ९ वर्षांचा.

पगार नेहमी महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी होतो. या महिन्यात नाताळ म्हणून १९ तारखेलाच होणार. तिच्या क्रेडिटचा महिना मात्र २४ ते २३ असा मोजतात. म्हणजे २८ नोव्हेंबरचा आणि १९ डिसेंबरचा, दोन्ही पगार एकाच महिन्यात पडणार. मग ३० डिसेंबरला क्रेडिटचे म्हणून तिच्या हातात काय येणार, भोपळा?

दुसरं म्हणजे नवरा म्हणतोय, सुट्टीत मुलाला पुण्याला आजीकडे घेऊन जातो. आणि तिसरं (यावर मला हसावं की रडावं कळेना), मुलाला प्लेस्टेशन घेतोय म्हणून डिसेंबरचे मुलाच्या खर्चाचे पैसे देणार नाही म्हणतो.

कोणी यातून गेलंय का?

---

टोचणी

सरकारी सूचना थोडक्यात : जपून खर्च करा, भांडू नका, फसू नका. हे माझी आजी फुकट सांगायची, वर लाडूही द्यायची.

---

आकडेमोड

सातू, पहिल्या प्रश्नाचं उत्तर अगदी पक्कं आहे, आणि मी पगारपत्रकांच्याच कामात असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दर पगाराच्या वेळी मालकाकडून एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, ऑनलाइन माहिती जाते. त्याला आम्ही एफपीएस म्हणतो. त्यात पगाराच्या तारखेचा एक रकाना असतो. नाताळमुळे पैसे लवकर दिले तरी त्या रकान्यात नेहमीची, म्हणजे करारातलीच तारीख भरायची, हे एचएमआरसीने मालकांना स्पष्ट सांगून ठेवलं आहे. पैसे १९ ला खात्यात गेले तरी रकान्यात ३१ डिसेंबर. आणि असं करायला सांगण्याचं कारणच मुळी युनिव्हर्सल क्रेडिट आहे. क्रेडिटवाले एचएमआरसीकडून आलेली तारीख बघतात. तिथे ३१ असेल तर तो पगार २४ डिसेंबर ते २३ जानेवारीच्या हिशेबात जातो आणि ३० डिसेंबरची रक्कम नेहमीसारखीच येते.

गोची एवढीच की हा रकाना भरणारा माणूस कोण, त्याला हे माहीत आहे का, आणि सुट्टीच्या घाईत त्याने नुसतं "आजची तारीख" दाबलं का. म्हणून बहिणीला म्हणावं, आजच पगार खात्याला एक ईमेल टाक. मजकूर इतकाच : "डिसेंबरचा पगार १९ ला मिळणार आहे. कृपया एफपीएसमध्ये नेहमीची तारीख ३१ डिसेंबर भरावी, मला युनिव्हर्सल क्रेडिट मिळते." तोंडी सांगू नये. लेखी हवं.

---

खटपट्या

आकडेमोड, वाखूसा (वाचनखूण साठवली). पण १९ भरलीच तर?

---

आकडेमोड

तर क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये लगेच लिहायचं, सोबत दोन्ही पगाराच्या पावत्या. दोन पगार एका महिन्यात मोजले गेले तर एक पगार दुसऱ्या महिन्यात हलवता येतो. ही सोय सहजासहजी झालेली नाही. चार एकल माता या मुद्द्यावर कोर्टात गेल्या, २०२० मध्ये अपील न्यायालयात जिंकल्या, त्यानंतर नियम बदलला. तरीही ऐकलं नाही तर 'मँडेटरी रिकन्सिडरेशन', म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागायचं, निर्णयापासून एक महिन्याच्या आत.

---

टोचणी

हे सगळं कागदावर छान आहे हो. माझ्या बायकोच्या आधीच्या कामाच्या जागी बरोब्बर हेच झालं. पगार खात्यातली बाई म्हणाली, "ज्या दिवशी दिले तीच तारीख खरी, मी खोटं कसं लिहू?" तिचं तत्त्व, आमची जानेवारी. क्रेडिट शून्य आलं, घरभाडं थकलं, आणि निस्तरेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. पुढच्या महिन्यात जास्त मिळाले हे खरं, पण घरमालक काही "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत नाही.

---

आकडेमोड

म्हणूनच ईमेल म्हणतोय. त्या बाईंना एचएमआरसीचंच पान दाखवलं असतं तर तत्त्व जरा सैल झालं असतं.

---

लीड्सचे_आजोबा

मंडळी, मी १९६८ साली डॉक्टर म्हणून या देशात आलो, आता निवृत्त आहे. मला सरकार दर नाताळला बोनस देतं. हसू नका. दहा पौंड. बँकेच्या उताऱ्यावर 'डीडब्ल्यूपी एक्सबी' अशा नावाने येतो. अर्ज नाही, विनंती नाही. डिसेंबरच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात पेन्शन किंवा ठरावीक भत्ता चालू असला की आपोआप जमा.

सुरू झाला तेव्हा १९७२ होतं, हीथसाहेबांचं सरकार. तेव्हा दहा पौंड म्हणजे एकट्या माणसाच्या आठवड्याच्या सरकारी पेन्शनपेक्षा जास्त रक्कम होती! आमच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका त्या दहा पौंडांचं काय काय घेणार याच्या याद्या मला ऐकवायच्या. मधे १९७५ आणि ७६ साली दिलाच नाही. पुढे १९७९ च्या कायद्याने कायमचा झाला. रक्कम मात्र तेव्हाही दहा आणि आजही दहा. भाव वाढले त्या प्रमाणात वाढवली असती तर आज शंभराच्या वर गेली असती.

---

खटपट्या

आजोबा, साष्टांग. दहा पौंडांत आता मिन्स पायचे दोन-तीन डबे येतील. तेही सवलतीत असले तर.

---

नाईटशिफ्ट

आणि यातली खरी गंमत अशी की नुसतं युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यांना हा बोनस नाही. म्हणजे सातूताईंच्या बहिणीला नाही. पण लीड्समध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्या डॉक्टरांना आहे. (आजोबा, दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

---

लीड्सचे_आजोबा

घेतले. अगदी बरोबर बोललीस बेटा. मी ते दहा पौंड दरवर्षी इथल्या फूड बँकेच्या टोपलीत टाकतो. त्यात शौर्य काही नाही, पण सरकार जर माझ्याकडून परत घेणार नसेल तर दुसरं काय करू?

जाता जाता समवयस्कांना एक सूचना. विंटर फ्यूल पेमेंटसाठी (म्हाताऱ्यांना हिवाळ्यात हीटिंगसाठी मिळणारी सरकारी मदत) "इथे क्लिक करून अर्ज करा" असे मोबाईलवर मेसेज येताहेत. ते चोर आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेकांना ते पैसे आपोआप मिळतात, दोनशे किंवा तीनशे, वयानुसार. ज्यांचं उत्पन्न ३५,००० पौंडांच्या वर आहे त्यांच्याकडून करातून परत घेतात. त्यासाठी कुणी मेसेज पाठवून बँकेचा तपशील मागत नाही.

---

नाईटशिफ्ट

मी बर्मिंगहॅमला नर्स. हेल्थ अँड केअर व्हिसावर. आम्हा व्हिसावाल्यांचं कोणी बोलतच नाही म्हणून लिहिते.

आमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असते. म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट नाही, चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा भत्ता) नाही. दर डिसेंबरला आमच्या व्हॉट्सॲप गटात कोणीतरी टाकतं, "मूल इथे जन्मलंय ना, मग चाइल्ड बेनिफिट भरून टाक, मिळतं". कृपा करून असं भरू नका. मूल कुठे जन्मलं यावर ते ठरत नाही, आणि पुढे आयएलआरच्या वेळी तेच कागद समोर येतात. कुणाच्या जोडीदाराला आयएलआर किंवा नागरिकत्व असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जाणकाराला विचारून पाऊल टाका.

जे आपलं आहे ते तरी घ्या. पगारी रजा वर्षाला ५.६ आठवडे, व्हिसा कुठलाही असो. उत्पन्न कमी असेल तर इंग्लंडात शाळेतलं मोफत जेवण अशा कुटुंबांतल्या मुलांनाही मिळू शकतं. आणि ते मिळत असेल तर सुट्टीतले खेळ-जेवणाचे सरकारी वर्गही, ते नाताळातही असतात. आमच्या शेजारणीची मुलं गेल्या वर्षी जात होती. परत येताना चेहऱ्याला रंग फासलेला आणि खिशात संत्री.

२५ ला मी ड्यूटीवरच आहे. नाताळच्या दिवशी सुट्टी मिळालीच पाहिजे किंवा दुप्पट पगार मिळालाच पाहिजे असा इथे कायदा नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) त्या दिवसाचा जादा दर मिळतो, पण तो आमच्या करारात आहे म्हणून.

---

खटपट्या

उलट माझं. आमची कंपनी २४ ते २ बंद, आणि ते दिवस आमच्याच रजेतून कापतात! चालतं म्हणे कायद्याने.

---

आकडेमोड

चालतं. फक्त जितके दिवस रजेवर पाठवायचं त्याच्या दुप्पट दिवस आधी सांगावं लागतं.

---

कुंदकळी

सातू, दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. मी हॅरोच्या बाजूला एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एकदा बसते. नोव्हेंबरच्या शेवटापासून समोर येणाऱ्या निम्म्या बायका हेच विचारतात, आणि पुरुषही. वकील नाही, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका.

आईवडील वेगळे राहत असले तरी लग्नातून झालेल्या मुलावर दोघांचीही कायदेशीर जबाबदारी असते. अशा वेळी मुलाला ब्रिटनबाहेर न्यायचं तर दुसऱ्याची परवानगी लागते, नाहीतर कोर्टाची. "मीच बाप आहे, मला कोण अडवणार?" हे चालत नाही. परवानगीशिवाय नेलं तर १९८४ च्या कायद्याखाली तो गुन्हा होऊ शकतो. २८ दिवसांची जी सूट लोक सांगतात ती ज्याच्याकडे मूल राहील असा कोर्टाचा आदेश आहे त्याच्यासाठी. इथे आदेशच नाही, म्हणजे ना बापाला सूट ना आईला.

आता नाजूक भाग. भारत मुलांच्या अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात नाही. म्हणजे मूल तिकडे राहिलं तर इथून कागद पाठवून परत आणायची सोपी वाट नाही, भारतातल्या कोर्टात जावं लागतं. मी हे घाबरवायला सांगत नाही. बहुतेक वडील खरंच आजीला भेटवायलाच नेतात. पण सही करण्याआधी आईला हे माहीत असावं.

द्यायची असेल तर परवानगी अशी द्यावी : पत्रात प्रवासाच्या तारखा, जाण्या-येण्याचं तिकीट, पुण्याचा पत्ता, आईचा फोन. मुलाचा जन्मदाखला सोबत. विमानतळावर विचारू शकतात, इथेही आणि तिथेही.

---

वीकेंडबाबा

कुंदकळी, माहिती बरोबर असेल, पण सूर ऐकून वाईट वाटलं. मी असाच एक बाप आहे. माझ्या आईने नातीला चार वर्षं फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलंय. दर वेळी मी पुण्याचं नाव काढलं की समोरून "हेग करार". अहो, आजीने उकडीचे मोदक करून वाट बघायची आणि इथे आम्ही आंतरराष्ट्रीय करार चघळत बसायचं?

आणि प्लेस्टेशनबद्दल. बाप वर्षभर पैसे देतो, डिसेंबरमध्ये मोठी वस्तू घेतो, त्याचं काहीच मोल नाही?

---

कुंदकळी

वीकेंडबाबा, तुमच्या आईचं वाचून माझ्याही पोटात कालवलं, खरंच. पण म्हणूनच कागद नीट करा म्हणते. परवानगी लेखी, तिकीट परतीचं, रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, असं आधी ठरलं की समोरच्याची भीती निम्मी होते. आपसांत जमत नसेल तर मध्यस्थ आहेत. मुलांच्या प्रश्नावर मध्यस्थाकडे गेलात तर इंग्लंड-वेल्समध्ये सरकार ५०० पौंडांपर्यंत व्हाउचर देतं, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फक्त डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन "परवाचं विमान आहे" म्हणू नका. कॅफकॅसच्या (कौटुंबिक कोर्टात मुलांची बाजू बघणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर 'पेरेंटिंग प्लॅन'चा नमुना आहे, त्यात सणांच्या तारखा भरायला जागा आहे. मी लोकांना नाताळाबरोबर गणपती आणि दिवाळीही भरायला लावते. इंग्रज मध्यस्थाला भाऊबीज समजावून सांगताना माझी तारांबळ उडते, पण एकदा लिहिलं की पुढच्या वर्षी वाद नाही.

प्लेस्टेशनचं मोल आहे, पण ते मुलाच्या लेखी. हिशेबात भेट ही भेट आणि खर्चाचे पैसे हे खर्चाचे पैसे. मुलाचे बूट, शाळेची बस, हीटिंग यांची बिलं प्लेस्टेशन भरत नाही.

---

आकडेमोड

त्यात भर : चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिसच्या (मुलाच्या खर्चाचे पैसे ठरवून देणारी सरकारी सेवा) हिशेबात वडिलांकडे वर्षाला ५२ रात्री किंवा त्याहून जास्त राहणं असेल तर रक्कम कमी होते. ५२ ते १०३ रात्रींना एक सप्तमांश. वीकेंडबाबा, तुम्हाला कमी करायची आहे तर हा मार्ग सरळ आहे. मुलीला जास्त रात्री ठेवून घ्या. आणि आपसांत ठरत नसेल, सर्व्हिसने पैसे वसूल करून द्यायची वेळ आली, तर देणाऱ्याला २० टक्के वर भरावे लागतात आणि घेणाऱ्याचे ४ टक्के कापले जातात. दोघांचंही नुकसान.

---

वीकेंडबाबा

मी कमी करायला नाही आलो. असो. ५२ चं माहीत नव्हतं, धन्यवाद.

---

पुणेरी_पाटी

पुण्यातून विचारतोय. धाग्याचं नाव वाचून वाटलं पार्सलबद्दलही असेल. मुलगा-सून-नातवंडं स्विंडनला. नाताळसाठी काय पाठवू, म्हणजे मधे कस्टमवाले खाणार नाहीत?

---

खटपट्या

काका, ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीवर व्हॅट नाही, १३५ पर्यंत ड्यूटी नाही. माणसाने माणसाला पाठवलेली असावी, दुकानातून थेट नको. आणि एक कानमंत्र : एकाच खोक्यात चौघांच्या भेटी असतील तर प्रत्येकाची वेगळी बांधा, वर नाव लिहा आणि कस्टमच्या फॉर्मवरही वेगवेगळ्या दाखवा. मग ३९ ची मर्यादा दर माणशी धरतात.

दुधाचे पदार्थ नकोत. पेढे, खवा, तूप काही नाही. मांसाचेही नाही.

---

पुणेरी_पाटी

मांसाचं नाव आमच्या घरात काढू नका. मग चकली आणि कडबोळी पाठवतो. नाताळाला कडबोळी! काय दिवस आले.

---

वसईवाला

काका, त्यात नवल काय. आमच्या वसईत नाताळच्या ताटात नेवऱ्या असतात, तुमच्या करंजीची सख्खी बहीण. गोव्यात दोदोल, बेबिंका, आणि शेजाऱ्यांकडे ताट पाठवायचं ते कोंसुआद. आमच्याकडे सरकार नाताळाला २५ ची सुट्टी देतं, बाकी पैशाचे सल्ले द्यायला मावश्या आहेत. आगाशीची एक मावशी प्रत्येकाला एकच विचारते, "यंदा पगार किती रे?" मग त्यानुसार कोणाकडून केक यायचा ते ठरतं.

---

टोचणी

ब्रिटिश सरकारने ही मावशी नेमावी.

---

लीड्सचे_आजोबा

अवांतर आहे, पण विचारून घेतो. मला सहा नातवंडं. नाताळात प्रत्येकाच्या नावे थोडे पैसे टाकतो. जावई म्हणतो, बाबा जपून, इन्हेरिटन्स टॅक्स (वारसा कर) लागेल. खरं का?

---

आकडेमोड

आजोबा, जावयांना म्हणावं, जरा दमानं. वर्षाला एकूण ३,००० पौंड देऊन टाकलेत तर ते हिशेबात धरत नाहीत. मागच्या वर्षीचे वापरले नसतील तर तेही एक वर्ष पुढे येतात. त्याखेरीज दर माणशी २५० पर्यंत कितीही जणांना देता येतात, फक्त ज्याला ३,००० मधले दिलेत त्यालाच पुन्हा हे २५० नाहीत. आणि यातलं सर्वांत उपयोगी कलम लोकांना माहीतच नसतं : नेहमीच्या उत्पन्नातून, नेमाने, स्वतःचं राहणीमान न घटवता दिलेले पैसे पूर्ण माफ. नाताळ आणि वाढदिवसाच्या भेटी त्यातच बसतात. सरकारी पानावर तसं उदाहरणच दिलं आहे. फक्त वही ठेवा. तारीख, नाव, रक्कम, कुठल्या उत्पन्नातून. तुमच्यामागे त्या सहांपैकी कुणाला तरी ती वही उघडावी लागेल, तेव्हा अक्षर डॉक्टरी नको.

खटपट्या, तू स्वतःची लिमिटेड कंपनी काढलीस ना? तर तुझ्यासाठी : कंपनीकडून ५० पौंडांपर्यंतची छोटी भेट करमुक्त, पण रोख नको. संचालकाला वर्षाला ३०० ची मर्यादा. नाताळची पार्टी माणशी १५० पर्यंत. १५१ झाली तर वरच्या एका पौंडावर नाही, सगळ्यावर कर.

---

खटपट्या

माझ्या कंपनीत मी आणि बायको. १५० ची पार्टी म्हणजे आम्ही दोघं जेवायला जायचं आणि एकमेकांना "सर" म्हणायचं?

---

आकडेमोड

तिने तुला "सर" म्हटलं तर मला पावतीसकट फोटो पाठव.

---

व्यवस्थापक

मंडळी, आगाशीच्या मावशी आणि खटपट्यांची पार्टी यांच्यासाठी वेगळा धागा काढता येईल. सातूचंपीठ यांचं पुढे काय झालं?

---

सातूचंपीठ | १७ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. सांगते.

पगार खात्याला ईमेल गेला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर, "होय, ३१ डिसेंबरच भरतो". बहीण म्हणाली, एवढ्यासाठी मी आठवडाभर झोपले नव्हते. ईमेल जपून ठेवायला सांगितलंय.

पुण्याचं असं झालं की नवऱ्याने १५ पासूनची तिकिटं बघून ठेवली होती, स्वस्त म्हणून. शाळा १९ पर्यंत. बहिणीने कुंदकळींचा सगळा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला, आणि (हे मला अपेक्षित नव्हतं) वीकेंडबाबांचाही. तो बराच वेळ गप्प होता म्हणे. मग म्हणाला, या डिसेंबरात नको, घाई होते. ईस्टरच्या सुट्टीत नेतो, तोवर कागद करू. मध्यस्थाची वेळ जानेवारीची मिळाली आहे, व्हाउचरवर. आजीबाईंना फोनवर कळवायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं. त्या म्हणाल्या, "ईस्टर म्हणजे कधी? आंबे असतील का?"

पैशांचं अर्धवट आहे. प्लेस्टेशन घेऊन झालंय. डिसेंबरचे निम्मे दिले, उरलेले जानेवारीत देतो म्हणतो. तिच्या हातात १९ चा पगार, आणि पुढचा थेट ३० जानेवारीला. सहा आठवडे. बहीण सर्व्हिसकडे जायला तयार नाही, म्हणते आत्ता कुठे नीट बोलायला लागलाय.

---

कुंदकळी

बरं झालं. सर्व्हिसचं मी तिच्यावर सोडीन. पण निम्मे कधी आले, किती आले, हे मेसेजवर त्याच्याकडून लिहून घे म्हणावं, गोडीगुलाबीने. शाळेचंही बरं झालं, इंग्लंडात पाच दिवस विनापरवानगी बुडाले तर दंड होऊ शकतो, दर पालकाला दर मुलामागे ८० पौंड, तीन आठवड्यांत भरला नाही तर १६०. स्वस्त तिकीट महाग पडलं असतं.

---

वीकेंडबाबा

एप्रिलमध्ये आंबे असतात. हापूस सुरू झालेला असतो. आजींना सांगा.

बाकी सहा आठवड्यांचं : घरभाडं आणि विजेचे पैसे १९ लाच वेगळ्या खात्यात टाकायला सांगा. डायरेक्ट डेबिट २५-२६ ला जात नाहीत, सुट्टी संपल्यावर जातात, तेवढ्यात खात्यात पैसे दिसतात म्हणून खर्च होतात. अनुभव.

---

नाईटशिफ्ट

आणि दुकानातलं "आता घ्या, तीन हप्त्यांत द्या" नको. त्याचा तिसरा हप्ता बरोब्बर फेब्रुवारीत येतो. अगदीच अडलं, आणि ती त्यांच्या अटींत बसत असेल, तर क्रेडिटकडून 'बजेटिंग ॲडव्हान्स' मागता येतो. कर्जच आहे, पण बिनव्याजी, पुढच्या रकमांतून वळतं होतं.

---

टोचणी

सातू, ती दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घ्यायची ना? आमच्या घरी तिचाच चिवडा आला होता. जानेवारीत संक्रांत आहे. तिळगूळ करते का? मी दोन किलो घेतो.

---

सातूचंपीठ

करते की! विचारते.

---

आकडेमोड

थांबा थांबा. वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या अशा विक्रीवर इन्कम टॅक्सचं काही भरावं लागत नाही, हे खरं. पण क्रेडिटला ती कमाई कळवावी लागते, रक्कम कितीही लहान असली तरी. आणि घरून खाद्यपदार्थ नेमाने विकायचे तर कौन्सिलकडे २८ दिवस आधी नोंदणी. फुकट असते.

---

टोचणी

आज १७. संक्रांत १४ जानेवारीला. अट्ठावीस दिवस... आजच करा रे कोणीतरी!